ऑपरेशनच्या टेबलावर पुन्हा नाव का विचारतात?

ऑपरेशनच्या दिवशी एक तक्रार मला हमखास ऐकायला मिळते. "डॉक्टर, सकाळपासून चार जणांनी नाव विचारलं, कसलं ऑपरेशन ते विचारलं, कोणत्या बाजूला ते विचारलं. फाईलमध्ये सगळं लिहिलंय ना? मग पुन्हा कशाला?" काही जण हे गमतीने म्हणतात, पण काहींच्या मनात खरोखरच शंका येते की या लोकांना आपल्याबद्दल काही माहिती आहे की नाही! शंका रास्त आहे, म्हणून आज त्याबद्दलच लिहितो.

मी सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होतो तेव्हाची गोष्ट. साठीतले एक काका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर आडवे झाले होते. कागदावर 'डावी बाजू' असं लिहिलेलं होतं. भूल देण्याआधी सिस्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे?" काकांनी उजव्या जांघेवर हात ठेवला. सिस्टर तिथेच थांबल्या. आमच्या सरांनी काकांना टेबलावरून उतरवून उभं केलं, खोकायला सांगितलं, आणि फुगवटा दिसला तो उजवीकडेच. रुग्णाला दाखल करून घेताना कोणीतरी घाईत एक शब्द चुकीचा लिहिला होता आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तोच उतरत गेला होता.

जांघेतला हर्निया उभं राहिल्यावर दिसतो आणि आडवं झाल्यावर बहुतेक वेळा आत जातो. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, मग तर तो दिसणं आणखी कठीण. म्हणूनच आम्ही रुग्ण जागा असताना, त्याला उभं करून, योग्य बाजूला पेनाने खूण करतो. त्या दिवशी खरी माहिती काकांकडे होती आणि भूल चढल्यावर ती कोणालाच विचारता आली नसती.

ही पद्धत आली कुठून?

अशा प्रश्नांची रीतसर यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये जाहीर केली. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. अमेरिकेतले हे सर्जन मूळचे आपल्याकडचे. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावातून शिकून पुढे गेले आणि अमेरिकेत सर्जन झाले.

यादीची कल्पना मात्र विमान उड्डाणातून आलेली आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान चाचणीच्या वेळी कोसळलं. वैमानिक अतिशय अनुभवी होता, विमानातही बिघाड नव्हता. जमिनीवर असताना विमानाच्या शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप उड्डाणापूर्वी काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी याद्या तयार झाल्या. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. कौशल्य असलेला माणूसही साधी गोष्ट विसरू शकतो, आणि कामाचा व्याप जितका मोठा, तितकी ती शक्यता जास्त.

संघटनेची यादी १९ मुद्द्यांची आहे आणि ती तीन टप्प्यांत वापरतात. पहिला टप्पा भूल देण्याआधी: नाव, ऑपरेशन, बाजू, संमतीपत्र, ॲलर्जी, रक्त लागण्याची शक्यता. दुसरा त्वचेवर छेद घेण्याआधी: सगळे हात थांबवतात, प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो, रुग्णाचं नाव पुन्हा मोठ्याने घेतलं जातं, प्रतिजैविकाचं इंजेक्शन वेळेत दिलंय ना ते तपासलं जातं. तिसरा टप्पा रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी. यात उपकरणं, सुया आणि रक्त टिपायला वापरलेले कापडी मॉप यांची मोजणी पूर्ण जुळली आहे ना, हे सिस्टर सांगतात. एक मॉप कमी भरला तर शोध सुरू होतो. या मॉपमध्ये एक्स-रेमध्ये दिसणारा धागा विणलेला असतो तो याचसाठी.

फरक पडतो का?

जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. त्यात आपली नवी दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यादी वापरण्यापूर्वी ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्के होतं, ते नंतर ०.८ टक्क्यांवर आलं. गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सगळ्या रुग्णालयांना यादी वापरायला लावण्यात आली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात मृत्यू किंवा गुंतागुंतीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. का दिसला नाही यावर पुष्कळ वाद झाले. माझं मत विचाराल तर, वरून हुकूम आला म्हणून कागदावर टिका मारणं वेगळं आणि थांबून, ऐकून, खरं उत्तर मिळवणं वेगळं. त्या सिस्टरांनी काकांच्या उत्तराकडे दुर्लक्ष करून फॉर्मवर बरोबरची खूण केली असती तर यादी पूर्ण भरलेली दिसली असती आणि ऑपरेशन चुकीच्या बाजूला सुरू झालं असतं.

आता तुमच्या वाट्याचं काम

ऐकण्याची जबाबदारी आमची आहे. पण उत्तर खरं असलं तरच त्याचा उपयोग, आणि ते तुम्ही द्यायचं आहे. लोक बहुतेक वेळा भीतीने किंवा संकोचाने लपवतात, म्हणून कारणांसह सांगतो.

खाणं-पिणं: घन पदार्थ आणि दूध ऑपरेशनच्या किमान सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. "घोटभर चहाच घेतला हो!" असं आजी म्हणतात, पण चहातल्या दुधामुळे पोट लवकर रिकामं होत नाही. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. चहा घेतला असेल तर सांगून टाका. फार तर ऑपरेशन काही तास पुढे जाईल. आजींवर कोणी ओरडायचं नाही, ही सूचना नातेवाइकांना!

औषधं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं सांगा. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही.

तंबाखू, सिगारेट, दारू: हे घरच्यांसमोर सांगायला नको वाटत असेल तर भूलतज्ज्ञांना एकट्याने भेटायचं आहे म्हणा. त्यांना तुमचा न्याय करायचा नसतो, भूल सुरक्षितपणे द्यायची असते.

दागिने, कवळी, नेलपॉलिश: धातूचे दागिने अंगावर असताना रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या यंत्रामुळे चटका बसू शकतो. मंगळसूत्र काढताना अनेक ताईंचा जीव कासावीस होतो, हे मला ठाऊक आहे. ते रुमालात बांधून स्वतःच्या हाताने घरच्यांकडे द्या. कवळी किंवा हलणारा दात असेल तर सांगा, कारण श्वासाची नळी घालताना तो निसटू शकतो. नेलपॉलिशमुळे बोटावर लावलेल्या यंत्राला रक्तातला ऑक्सिजन नीट मोजता येत नाही.

लहान मूल, बेशुद्ध किंवा विसराळू झालेले वृद्ध स्वतः उत्तर देऊ शकत नाहीत. त्यांच्यासोबत ओटीच्या दारापर्यंत असा माणूस असू द्या, ज्याला आजार, औषधं आणि बाजू पक्की माहीत आहे. गावाहून नुकत्याच आलेल्या पाहुण्याला तिथे उभं करू नका.

आणि प्रश्न विचारला गेला की "हो, हो" म्हणून मोकळे होऊ नका. आपलं पूर्ण नाव, कसलं ऑपरेशन आणि कोणती बाजू, हे स्वतःच्या तोंडाने सांगा. एका वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असणं काही दुर्मीळ नाही. कोणीच काही विचारलं नाही, बाजूवर खूण केली नाही, तर तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, माझी खूण करायची राहिली का?" चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.