होर्युजीच्या मुख्य मंडपात

आज जपानमधल्या नारा परिसरातल्या होर्युजी या बौद्ध मंदिराच्या मुख्य मंडपात बराच वेळ उभी होते. मध्यभागी शाक्यमुनी बुद्ध, दोन्ही बाजूंना बोधिसत्त्व. राजपुत्र शोतोकूंच्या निधनानंतर, ६२३ साली, तोरी या शिल्पकाराने घडवलेल्या या कांस्यमूर्ती. एका बाजूला भैषज्यगुरू, दुसऱ्या बाजूला अमिताभ. चार कोपऱ्यांत लाकडी लोकपाल. पायाखाली राक्षस, पण चेहऱ्यावर रागाचा लवलेश नाही.

शाक्यमुनींजवळच किचिजोतेन आणि बिशामोनतेन आहेत, १०७८ सालचे. म्हणजे आपली लक्ष्मी आणि कुबेर! मन भरून आलं. दुखणं घेऊन येणाऱ्याला भैषज्यगुरू, मरणाला भिणाऱ्याला अमिताभ आणि घरात चार दाणे मागणाऱ्यालाही इथे जागा आहे. माणसाची कुठलीच गरज या मंडपाने हलकी मानली नाही.

इथल्या भित्तिचित्रांचं अजिंठ्याशी नातं सांगितलं जातं. ती २६ जानेवारी १९४९ च्या आगीत करपली. दुरुस्तीसाठी आधीच हलवलेल्या मूर्ती मात्र वाचल्या. त्या धक्क्यातून जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला. हात जोडणं सोपं आहे. पुढच्या पिढीला हात जोडता यावेत म्हणून राखण करणं, हीही उपासनाच. लेण्यांच्या महाराष्ट्रात राहणाऱ्या आपल्यावर ते ऋण मोठं आहे.