नेमियाचा सिंह

अथेन्सहून पश्चिमेला निघालेला रस्ता कोरिंथचा कालवा ओलांडतो. १८९३ मध्ये खुला झालेला हा कालवा पुलावरून क्षणभरच दिसतो. पुढे पेलोपोनीजच्या डोंगरांत नेमियाचे द्राक्षमळे लागतात. इथल्या लाल वाइनला ‘हेराक्लीसचे रक्त’ म्हणतात. नाव जाहिरातीला शोभणारे असले तरी त्यामागची कथा याच खोऱ्यातली आहे.

नेमियाच्या सिंहाच्या कातड्यात शस्त्र शिरत नसे. ग्रीक पुराणकथांतला वीर हेराक्लीस याने त्याच्या गुहेचे एक तोंड बुजवले, दुसऱ्यातून आत शिरून त्याचा गळा आवळला आणि त्याच्याच नखांनी कातडे सोलले. त्याच्या बारा पराक्रमांतला हा पहिला. देवांचा राजा झ्यूस याने तो सिंह आकाशात नेऊन ठेवला, तीच सिंह रास. दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस इकडून गेला, तेव्हाही ती गुहा प्रवाशांना दाखवली जात होती.

नेमियातल्या झ्यूसच्या मंदिराचे तीन खांब शतकानुशतके उभे राहिले. पडलेल्यांपैकी सहा अलीकडे मूळच्या दगडांतून पुन्हा उभारले. जवळच्या क्रीडांगणात उतरायला दगडी कमानींचा बोगदा आहे आणि त्याच्या भिंतींवर खेळाडूंनी कोरलेली नावे आजही वाचता येतात. इ.स.पू. ५७३ पासून इथे दर दोन वर्षांनी खेळ होत. गंमत म्हणजे या खेळांची सर्वपरिचित जन्मकथा सिंहाची नव्हेच. ती सर्पदंशाने मेलेल्या ऑफेल्टीस या बाळाची. म्हणून पंच काळी वस्त्रे घालत. सिंहाशी नाते जोडणारी कथाही होती, पण मान बाळाचा.

आकाशातला सिंह तर नेमियाहून जुना. बॅबिलोनच्या ‘मुल-आपिन’ या ताऱ्यांच्या यादीत तो आहे, आणि त्याच्या छातीवरचा तेजस्वी तारा तिथे ‘राजा’ म्हणवतो. ग्रीकांनी तयार आकृती घेतली व तिला आपल्या डोंगरातली हकिकत चिकटवली, असाच निष्कर्ष निघतो. आपल्याकडे त्या राजाताऱ्याला मघा म्हणतात. दोन्ही फाल्गुनींचे तारेही याच सिंहाच्या अंगावर येतात. वेदकाळापासून ही नक्षत्रे होती, बारा राशी मात्र ग्रीक ज्योतिषाबरोबर आल्या. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त सिंहाला ‘लेय’ हे ग्रीक वळणाचे नाव आढळते. त्याच राशीत गुरू आला, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो.