‘शीर मिळत नाहीये, ताई’

तान्ह्या बाळाचं रक्त काढताना आईने दाराबाहेर थांबायचं, असा नियम मी कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला पाहिला नाही. पाळला मात्र तो सगळीकडे जातो. ‘ताई, तुम्ही बाहेर बसा, तुम्हाला बघवणार नाही,’ हे वाक्य मी सांगलीत ऐकलं, मिरजेत ऐकलं आणि पुण्याला गेले तर तिथेही ऐकलं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आई रडायला लागली की काम करणाऱ्याचा हात अवघडतो. एखादी चक्कर येऊन पडते, मग बाळ राहतं बाजूला आणि आईलाच पाणी मारावं लागतं. हे सगळं कबूल. पण आत बाळाच्या बाजूने बोलायला मग उरतं कोण?

माझ्या लेकीला जन्मजात हायपोथायरॉईडिझम आहे. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पुरेसं संप्रेरक तयार करत नाही. आपल्याकडे हजार-बाराशे जन्मांमागे साधारण एका बाळात हे सापडतं. बाळ वरवर अगदी छान दिसतं. झोपाळू, फारसं न रडणारं, ‘किती गुणाचं आहे गं’ म्हणावं असं. उपचार लांबला तर मेंदूची वाढ खुंटते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल चारचौघांसारखं वाढतं. जन्मानंतर टाचेला टोचून फिल्टर पेपरवर रक्ताचे ठिपके घेतात, त्या तपासणीत आमचं कळलं. ही तपासणी अजून प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोचलेली नाही. आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई त्याबाबतीत हट्टी होत्या, म्हणून आम्ही वाचलो.

औषध म्हणाल तर रुपया-दोन रुपयांची इवलीशी गोळी. चमच्यात चुरायची, आईच्या दुधाच्या थेंबांत कालवायची आणि रोज ठरल्या वेळी पाजायची. अवघड आहे ते रक्त. गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी तपासणी, मग पहिले सहा महिने दर महिन्या-दोन महिन्यांनी, पुढे तीन वर्षांची होईपर्यंत दर दोन-चार महिन्यांनी. बाळाचं वजन वाढत जातं तसा गोळीचा डोस बदलतो आणि तो रक्त पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. त्यामुळे ‘नको, यावेळी राहू दे’ म्हणायची सोय नाही.

तेव्हा माझा सव्वा महिनाही व्हायचा होता. कानात कापसाचे बोळे, डोक्याला स्कार्फ, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोर आणि शेजारी आई, असे आम्ही लॅबमध्ये बसलो होतो. ‘उपाशीपोटी आणा’ असं फोनवर सांगितलं होतं, म्हणून पहाटेपासून पाजलेलं नव्हतं. नंबर येईपर्यंत पोरीने मुठी चोखून चोखून लाल केल्या. आत नेलं, दार लागलं. मी बाहेर थांबले. आतून आधी नुसतं रडणं, मग श्वास अडकल्यासारखं रडणं, मग मधेच शांतता, आणि ती शांतता जास्त भीतिदायक. बाहेर आणली तेव्हा दोन्ही हातांवर, मनगटांवर आणि एका पावलावर कापूस-चिकटपट्टी होती. ‘शीरच मिळत नाहीये, ताई. बाळ गुबगुबीत आहे ना,’ तो मुलगा घाम पुसत म्हणाला. संध्याकाळी फोन आला की सॅम्पल कमी पडलंय, उद्या परत आणा.

आई त्या रात्री एकच वाक्य घोळवत होती, ‘एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त ते केवढं, आणि काढायचं तरी किती?’ सकाळी उठून मी हाच प्रश्न जसाच्या तसा बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवला. त्यांनी हसण्यावारी नेला नाही. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. माझी लेक तेव्हा साडेतीन किलोची, म्हणजे सगळं मिळून २८० मिलिलिटर. दोन-अडीच कप चहा. आमच्या तपासण्या दोनच होत्या, टीएसएच आणि फ्री टी-फोर. लहान मुलांच्या व्हायलमध्ये घेतलं तर त्यांना मिलिलिटरभर रक्त पुरतं. मोठ्या माणसाच्या नळीत तेवढंच घेतलं तर ते तळाशी पसरून बसतं, मशीनच्या सुईला नीट ओढता येत नाही, आणि मग ‘सॅम्पल कमी पडलं’. नळी बदलली असती तरी भागलं असतं.

उपाशीपोटीचंही तसंच. थायरॉईडच्या या तपासणीला तान्ह्या बाळाला उपाशी ठेवायची गरजच नसते. फक्त त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर द्यायची. लॅबमध्ये सगळ्यांना सरसकट सांगायचं म्हणून सांगितलं जातं. उपाशी बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं, शिरा बारीक झालेल्या, हातपाय गार आणि जीव भुकेने कावलेला. शीर न मिळण्याची सगळी तयारी आपणच करून ठेवायची आणि मग बाळाच्या गुबगुबीतपणाला दोष द्यायचा!

डॉक्टरांनी माझ्या हट्टावरून चिठ्ठीवरच लिहून दिलं: लहान मुलांची व्हायल, उपाशी नको, आई जवळ राहील. त्यांची सही-शिक्का असलेला तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी कितीतरी महिने वापरला. तोंडी सांगितलेलं वादात जातं, डॉक्टरच्या अक्षरातलं पटकन पटतं, हा आपल्याकडचा व्यवहार.

‘एवढ्या लहान बाळाला काही कळत नाही, पाच मिनिटांत विसरतं,’ हे ऐकवणारेही भेटले. त्यात लॅबमधले होते, नात्यातलेही होते. हा समज कधीकाळी डॉक्टरांचाही होता. १९८० च्या दशकापर्यंत अकाली जन्मलेल्या बाळांवर शस्त्रक्रियासुद्धा अपुऱ्या वेदनाशमनावर, नुसती हालचाल थांबवणारी औषधं देऊन उरकल्या जात. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली दाखवून दिलं की ज्या बाळांना शस्त्रक्रियेत नीट वेदनाशामक मिळतं त्यांच्या शरीरावरचा ताण कमी असतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. म्हणजे बाळाला दुखतं हे वैद्यकशास्त्राला नीट पटून अजून एक पिढीच झाली आहे. लॅबच्या बंद दारामागे ते पोचायला वेळ लागणारच, पण म्हणून आपण थांबून राहायचं कारण नाही.

मिरजेत एका लहान लॅबमध्ये एक बाई भेटल्या, पूर्वी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम केलेल्या. त्यांचं काम मी अगदी जवळून पाहिलं. आधी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि पदराखाली घ्यायला सांगितलं. ‘पिऊ दे, घाई नाही.’ पोरीचा एक हात बाहेर काढून कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यात गुंडाळला आणि तोवर त्या शेजारच्या म्हाताऱ्यांचं रक्त काढून आल्या. मग फडकं सोडून तळहाताखालून छोटा टॉर्च लावला. त्या लालसर उजेडात हाताच्या पाठीवर एक बारीक काळी रेघ उमटली. रबर वगैरे काही नाही, नुसत्या दोन बोटांनी मनगट धरलं. स्पिरिट लावून ते पूर्ण वाळेपर्यंत थांबल्या, कारण ओल्यावर टोचलं की जास्त झोंबतं. बारीक सुई आडवी सरकवली. सिरिंज लावलीच नाही. जोरात ओढलं की एवढ्याशा शिरेच्या भिंती आत चिकटतात आणि रक्त थांबतं, तेव्हा त्यांनी व्हायल खाली धरून ठेवली आणि थेंब आपोआप पडू दिले. टप, मग जरा वेळाने टप. मधे थेंब अडला तर त्या बोटांची पकड सैल करून पुन्हा हलकेच दाबत. पोरीने टोचताना दूध सोडून एक किंकाळी फोडली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागली. तेवढंच रडणं.

टोचायच्या आधीपासून आणि टोचत असताना अंगावर पाजत राहिलं की बाळाला कमी दुखतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. आईचं दूध पिणं शक्य नसेल तर मोठ्या रुग्णालयांत टोचायच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर साखरपाण्याचे मोजके थेंब देतात. आमच्या आईला ते ऐकून ‘मग मधाचं बोट चाटव की’ सुचलं होतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, म्हणजे नाही. त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. त्यावरून घरात एक दिवस अबोला झाला, पण मध आला नाही.

एवढं सगळं जमून आलं म्हणजे पुढचं सोपं गेलं असं नाही. त्या बाई रजेवर असताना दुसऱ्या ठिकाणी जावं लागलं. तिथल्या मुलाने एका हातावर पाहिलं, दुसऱ्यावर पाहिलं. मग सुई आत ठेवूनच तो शीर शोधत इकडेतिकडे हलवू लागला. एका माणसाने जास्तीत जास्त दोनदा टोचायचं, नाही जमलं तर जास्त अनुभवी माणसाला बोलवायचं, हा शिरस्ता चांगल्या रुग्णालयांत पाळतात हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

मी म्हटलं, ‘दादा, आता थांबा. सिनियर कोणी असेल तर बोलवा.’

‘ताई, डॉक्टर तुम्ही आहात का?’

‘नाही. पण तिला बोलता येत नाही, म्हणून मी बोलतेय.’

तो चिडला, आणि त्याचं चिडणंही मला कळत होतं. बाहेर रांग, वर मालक, एका सकाळी किती नमुने निघाले याचा हिशोब. तान्ह्या बाळाचा हात कसा धरायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. सगळा सराव मोठ्यांच्या जाड शिरांवरचा. मी आवाज चढवला नाही, पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि तिथेच उभी राहिले. जागा अडली की माणसं हलतात. आतून एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी हात चाचपला आणि सरळ सांगितलं, ‘आज दोन्ही हात सुजलेत. परवा या, भरपूर पाजून आणा, मी स्वतः काढतो.’ थायरॉईडच्या तपासणीला दोन दिवसांनी बिघडत नव्हतं. डॉक्टरांना फोन करून तेवढं विचारून घेतलं आणि घरी आलो.

इथे एक सांगायलाच हवं. ताप डोक्यात गेलेलं, कावीळ वाढत चाललेलं, झटके येणारं बाळ असेल तेव्हा ‘परवा येते’ चालत नाही. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं आणि हात धरून बसणं एवढंच आपलं काम. कुठली तपासणी थांबू शकते आणि कुठली नाही, हे आधी विचारून ठेवलेलं असलं की ऐनवेळी आपलंही डोकं ताळ्यावर राहतं.

यथावकाश ‘त्या थायरॉईडवाल्या बाई आल्या’ अशी माझी ख्याती झाली. नवऱ्याला सुरुवातीला संकोच वाटायचा, ‘जरा सांभाळून घे, आपल्याला परत तिथेच जायचंय.’ परत तिथेच जायचंय म्हणूनच मी बोलत होते. पुढे मला सर्दी-ताप असला की तोच लेकीला घेऊन जाऊ लागला आणि टॉर्च माझ्याआधी त्याच्या खिशात असे. कटकटी म्हणवून घेण्याची किंमत फार मोठी नाही. सुई टोचणार, ती टाळता येत नाही. पण उपाशी पोट, गार हात, चुकीची नळी, बंद दार आणि पुन्हापुन्हा खुपसणं, यातलं एकही त्या आजाराचा भाग नाही.

लेक आता बोलते. सुई दिसली की ‘या हाताला नको, त्या हाताला’ असं स्वतःच बजावते, आणि तिचं ऐकलं जातं.

लॅब चालवणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या खोलीत बाळाला आडवं पाडायला उंच टेबल असतं, पण आईला मांडी घालून पाजता येईल अशी जागा जवळपास कुठेच नसते. हाताची एक रुंद खुर्ची आणि एक पडदा ठेवा, लहान मुलांच्या व्हायल मागवून ठेवा, आणि दार लावताना आईला आत घ्या.