काळजाचें पोर

मराठी भाषेनें काळजाचे जेवढे लाड केले तेवढे दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियाचे केले नाहींत. तें तुटतें, धडधडतें, त्याचें पाणी होतें. खाटकाच्या दुकानीं त्याच शब्दानें यकृत मिळतें, ती गोष्ट निराळी. मूत्रपिंडाच्या वांट्यास मात्र एकहि वाक्प्रचार आलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. हा पक्षपात भाषेपुरता राहता तर आम्हीं लेखणी उचलली नसती.

नीरेच्या कांठीं, पुणें-सातारा रस्त्यावरील सारोळें येथें आमच्या नात्यांतील एक मुलगा आहे. त्याच्या हृदयाच्या पडद्यास जन्मतःच छिद्र. तो पांच वर्षांचा असतां सकाळीं त्याचे डोळे सुजूं लागले. संध्याकाळपर्यंत सूज पायांवर उतरे. "काळजाचंच आहे त्याचं," असें आजी म्हणाली, शेजारी म्हणाले, आणि ज्या डॉक्टरांस दाखविलें तेहि तेंच म्हणाले. एकदां नांव पडलें कीं पुढील प्रत्येक दुखणें त्याच खात्यावर मांडलें जातें. दीड महिना असाच गेला. अखेर आईनेंच सांगितलें, "लघवीला फेस येतो त्याच्या, साबणासारखा." तपासली तों तींत प्रथिनें भरपूर निघालीं.

हृदय थकलें म्हणजेहि सूज येते; पण तेव्हां बहुधा धाप लागते, यकृत वाढतें. मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली तर रक्तांतील प्रथिनें लघवीवाटे जातात आणि पाणी अंगांत झिरपतें. सूज, अशी लघवी आणि बिघडलेलीं मूत्रपिंडें यांची सांगड लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं घातली. लघवी तापवावी, प्रथिनें असल्यास तीं अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखीं गोठतात. आज त्या जागीं कागदी पट्टी आली आहे.

हृदय व मूत्रपिंडें गर्भाच्या आरंभींच्या आठवड्यांतच घडूं लागतात, म्हणून दोहोंचीं जन्मजात व्यंगें कांहीं मुलांत एकत्र दिसतात. हृदयदोषामुळें ज्यांचें अंग निळें पडतें त्यांचें दाट झालेलें रक्त कालांतरानें मूत्रपिंडांस बाधतेंहि. या मुलाचीं दुखणीं मात्र दोन स्वतंत्र होतीं. तीं निरनिराळीं ओळखणें अगत्याचें होतें, कारण सूज उतरविणारें स्टेरॉइड रक्तदाब वाढवूं शकतें, आणि अधू हृदयास तो भार.

२०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांचे जन्मजात हृदयदोष शोधले जातात. असा दोष नोंदलेल्या मुलास सूज आली कीं त्याच दिवशीं ती पट्टी लागावी, एवढेंच आमचें मागणें.

सारोळ्यास आतां त्या मुलाची आई रोज सकाळीं पट्टी बुडविते आणि रंग वहींत लिहिते. पिवळा राहिला तर ठीक. सलग तीन दिवस गडद हिरवा झाला तर पुण्यास निघावयाचें. गेल्या श्रावणांत एकदां निघावें लागलें.