क्रौंचाच्या गावी, सावकाश

मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला आणि आई-वडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने त्यांच्याकडे, अशी कुटुंबे आता आपल्या ओळखीत सहज सापडतात. वाचकहो, अशा घरांत शनिवार-रविवार जवळ आला की एक संवाद हमखास घडतो. मुले नकाशा उघडतात, डोंगरावरच्या एखाद्या जुन्या गावाचे नाव घेतात, आणि घरातील वडीलधारे माणूस म्हणते, "तुम्ही जाऊन या. मी घरी बसते. माझ्यापायी तुमचा खोळंबा नको."

माझी आईही हेच म्हणाली. तिचे वय शहात्तर. आदल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरून पडली आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. हाड दीड-दोन महिन्यांत जुळून आले, मनातली धास्ती मात्र तशीच राहिली. ती जिना उतरेना, देवळात जाईना, भाजीही फोनवरून मागवू लागली. भाऊ लोझानला असतो. त्याच्याकडे गेल्यावरही तिचा दिवस खिडकीपाशीच जाई. अशा आईला घेऊन आम्ही एका रात्रीच्या मुक्कामाला ग्रुयेर या गावी गेलो. तुमच्या घरातही असे कोणी असेल, किंवा ते 'कोणी' तुम्ही स्वतःच असाल, तर या गावाची ओळख तुम्हाला उपयोगी पडावी.

ग्रुयेर हे स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषक भागात, फ्रिबूर प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याशी एका सुट्या टेकडीवर वसले आहे. उंची सुमारे ८१० मीटर. आपले महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे, हे लक्षात घेतले तर विरळ हवेची चिंता येथे करण्याचे कारण नाही. समोर २,००२ मीटर उंचीचा मोलेझों पर्वत दिसतो, खाली हिरवी कुरणे पसरलेली असतात. गावाचा मुख्य रस्ता एकच. दोन्ही बाजूंना जुन्या दगडी घरांच्या सलग ओळी, मध्ये पाण्याचा हौद, आणि रस्त्याच्या वरच्या टोकाला गढी. गावात मोटारींना मज्जाव आहे. त्या वेशीबाहेर खालीच उभ्या कराव्या लागतात.

फ्रेंच भाषेत 'ग्रू' म्हणजे क्रौंच पक्षी. येथील सरदार घराण्याच्या चिन्हावर हा क्रौंच आहे, आणि गावातून फिरताना तो जागोजागी भेटतो. अकराव्या ते सोळाव्या शतकापर्यंत या घराण्याच्या एकोणीस काउंटांनी येथे सत्ता चालवली. आजची चौकोनी गढी तेराव्या शतकातली. शेवटचा काउंट मिशेल कर्जात बुडाला आणि १५५४ साली त्याचे दिवाळे निघाले. बर्न आणि फ्रिबूर या धनको नगरांनी त्याचा मुलूख वाटून घेतला. त्यानंतर गढीत आधी फ्रिबूरचे अधिकारी राहिले. १८४९ पासून बोव्ही आणि बालां या कुटुंबांनी ती सांभाळली. त्यांनी चित्रकार मित्रांना बोलावून दालने सजवून घेतली. कोरो हा प्रसिद्ध फ्रेंच चित्रकारही त्यांच्याकडे येत असे. १९३८ साली प्रांत सरकारने गढी विकत घेतली आणि ती संग्रहालय म्हणून खुली झाली. धनी बदलत गेले, पण गढीत माणसांचा वावर राहिला. रिकामे घर पडायला वेळ लागत नाही, हे कोकणात बंद घरे पाहिलेल्यांना सांगायला नको.

शरीराचेही पुष्कळसे असेच असते. पडण्याची भीती बसली की माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल ढळू लागतो, आणि ज्याची भीती वाटत होती त्याचाच धोका वाढतो. आईच्या फिजिओथेरपिस्टनी हे चक्र आम्हाला समजावून सांगितले होते. म्हणून सहलीच्या तीन आठवडे आधीपासून आम्ही तयारी केली. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, कठडा धरून जिना चढणे-उतरणे, आणि रोज थोडा वेळ बागेतल्या ओबडधोबड वाटेवर चालणे. तुम्हीही असे काही करणार असाल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. हृदयविकार असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ते अधिकच आवश्यक आहे.

सामानात तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, पादत्राणे. मागून बंद, पट्टा किंवा नाडी असलेली, तळ न घसरणारी. चपला घरीच ठेवाव्यात. दुसरी, काठी. सरळ उभे राहून हात सैल सोडला असता मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, आणि टोकाचे रबर झिजलेले नसावे. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे चष्मा. एकाच काचेत दूरचे आणि जवळचे असे दोन्ही नंबर असतील, तर खाली पाहताना जमीन नेमकी वाचनाच्या भागातून दिसते आणि पायरीची कड अस्पष्ट होते. असमान वाटेवर चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा चष्मा निराळा करून घेता येतो का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

लोझानहून आम्ही आगगाडीने निघालो. पालेझ्यू आणि बुल या स्थानकांवरून गाडी पायथ्याच्या प्रँजी या वस्तीत पोहोचते. तेथून गावापर्यंत पायी चढण आहे. धडधाकट माणसाला ती पाव तासाची, पण आमच्या दृष्टीने ती वाट नव्हतीच. स्थानकावरून वेशीजवळ जाणारी बस आहे. तिच्या फेऱ्यांना मधे अंतर असते, म्हणून वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे. अवघड चढ वाहनाने टाळला, तर पायांतली ताकद गाव पाहण्यासाठी शिल्लक राहते. यात कमीपणा मानू नये.

वेशीच्या आत पाऊल ठेवले आणि आई थबकली. समोर गोट्यांची फरसबंदी होती. अशा फरसबंदीवर काठीचे टोक दोन दगडांच्या फटीत अडकते, पाऊल किंचित मुरगळते. भाऊ म्हणाला, "आई, माझा हात धर." तिने धरला, आणि दहा पावलांत सोडून दिला. तो तिला ओढत होता, असे तिचे म्हणणे. तो ओढत नव्हता, फक्त त्याच्या चालीने चालत होता. सोबत असणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. आपण ज्येष्ठांचा दंड धरू नये. आपला कोपर पुढे करावा, त्यांना धरू द्यावे, आणि चाल त्यांची ठेवावी. चालताना त्यांना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य आहे. वाक्य तुटू लागले की थांबावे.

पुढे रस्त्यात दगडात कोरलेली धान्याची जुनी मापे आहेत. दगडात लहान-मोठे खळगे. बाजाराच्या दिवशी धान्य त्यांत भरून मोजले जाई. आम्ही दोघे फलक वाचत होतो, तोवर आईने वाकून एका खळग्यात हात घातला. "ही पायली दिसते," ती म्हणाली, "आणि ही अधोली." मग तिच्या माहेरच्या अंगणात खळे झाल्यावर धान्य कसे मापले जाई, माप शीग लावून द्यायचे की सपाट, यावरून तिचे वडील आणि वाणी कसे हुज्जत घालत, हे सगळे तिने उभ्या उभ्या सांगितले. वर्षभरात ती एका दमात इतके बोलल्याचे मला आठवत नव्हते. बोलताना तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, हे तिच्या लक्षातही आले नाही.

गढीपर्यंतचा शेवटचा भाग चढाचा आहे. आई अर्ध्यावर गेली, मोलेझोंकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढे पुरे." मी आग्रह करणार होते. "आता थोडेसेच राहिले आहे" हे शब्द ओठांवर आले होते. सुदैवाने मी गप्प राहिले. वर गेलेले माणूस उतरणारही असते, आणि उतार गुडघ्यांना चढापेक्षा जड जातो. मांडीचे स्नायू सतत आवर घालत राहतात, आणि थकले की दगा देतात. म्हणून निम्मी शक्ती परतीसाठी राखावी. पायऱ्यांवर एक साधा नियम आहे: चढताना सशक्त पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. चाकांची खुर्ची असेल तर फरसबंदीवर तिची पुढची लहान चाके अडकतात. ती किंचित उचलून न्यावीत. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून, हळूहळू उतरवावी.

भाऊ गढी पाहायला एकटा गेला. आम्ही दोघी हौदाजवळ बसलो. तिने दशमी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. येथे खाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ग्रुयेर चीज याच मुलखाचे. पायथ्याच्या चीजगृहात सकाळच्या वेळी तांब्याच्या मोठ्या कढयांत ते बनताना पाहता येते. सुमारे ४०० लिटर दुधातून ३५ किलोंच्या आसपासचे एक चाक तयार होते, आणि ते किमान पाच महिने मुरवले जाते. ते विरजण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, हे शुद्ध शाकाहारी वाचकांनी जाणून घ्यावे. फॉन्ड्यू या प्रसिद्ध पदार्थात पांढरी वाइन असते आणि बहुधा चेरीची कडक दारूही घालतात. दाट सायीसोबत मिळणाऱ्या मरँगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि त्या सायीत स्निग्धांश निदान ४५ टक्के असतो. चालत असेल त्यांनी चव जरूर घ्यावी, पण चीजमधल्या मिठाची आणि स्निग्धांशाची आठवण रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी ठेवावी. मधुमेहींनी औषध घेऊन जेवण लांबवू नये. थंड हवेत तहान लागत नाही, म्हणून घोट घोट पाणी पीत राहावे. प्रसाधनगृहाच्या चिंतेने पाणी किंवा लघवीची गोळी परस्पर बंद करू नये. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारावे.

औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, सोबत मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी असावी. प्रवास विमा उतरवलेला असावा. छातीत दुखले, बसूनही धाप थांबेना, बोलणे अडखळले किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर 'थोडे बरे वाटेल' म्हणून वाट पाहू नये. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४ हा क्रमांक आहे.

शक्य असेल तर रात्री गावातच राहावे, असे मी सुचवीन. दिवसाची गर्दी संध्याकाळी उतरून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मला जाग आली तेव्हा आईचा पलंग रिकामा होता. मी घाबरून खिडकी उघडली. ती खाली रस्त्यात होती. स्वेटर, कानाला रुमाल, हातात काठी. ती भिंतीच्या कडेकडेने हौदापर्यंत गेली, पाण्यात बोटे बुडवली, आणि तशीच परत फिरली. जेमतेम साठ-सत्तर पावले असतील. मी हाक मारली नाही. मात्र एकटे बाहेर पडताना सोबतच्यांना सांगून जावे, हे मी तिला नंतर बजावले, आणि तुम्हालाही सांगते.

या सहलीने आईची भीती गेली असे मी म्हणणार नाही. न्हाणीघरात ती आजही आधाराची दांडी घट्ट धरते, आणि ते योग्यच आहे. गढी आतून कशी आहे हे तिने पाहिले नाही. बदलला तो आमचा प्रश्न. पूर्वी आम्ही तिला विचारत असू, "येतेस का?" त्याचे उत्तर ठरलेले असे. आता आम्ही विचारतो, "कुठपर्यंत जाऊ या?" त्याला ती विचार करून उत्तर देते. कधी कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत, कधी देवळाच्या पायरीपर्यंत, कधी नुसते फाटकापर्यंत.

परवा भावाचा फोन आला होता, पुढच्या उन्हाळ्याचे विचारायला. आईने त्याला सांगितले, "ग्रुयेरला पुन्हा नेणार असशील तर येते. या खेपेला गढीच्या दारापर्यंत. आत जायचे की नाही, ते दारात ठरवू."