लसीला थंडावा मिळतो, मग केमोच्या इंजेक्शनला का नाही?

केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून फिलग्रास्टिमची इंजेक्शनं लिहून देतात. ती २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाहीत. वहिनीसाठी आम्ही ती नागपूरहून गावी आणायचो, बर्फाच्या थर्मासमधून. मे महिन्यात इथे पारा ४५ वर जातो आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. गोळ्यांचंही तेच. बऱ्याच पाकिटांवर लिहिलेलं असतं, '३० अंशांखाली ठेवा'. पत्र्याच्या घरात ३० अंश आणायचे कुठून?

आता हे बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी खास फ्रीज असतो, त्याचं तापमान रोज दोनदा वहीत लिहितात. त्यात लसीशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, हा नियम बरोबरच आहे. पण शेजारी पेशंटच्या औषधांसाठी एक वेगळा छोटा फ्रीज आणि इन्व्हर्टर द्यायला काय हरकत आहे? इन्सुलिनवाल्यांचीही सोय होईल.

सरकारी योजनेत केमो फुकट होते, चांगलंच आहे. पण पुढचं औषध घरी उष्णतेनं नासलं, तर काय उपयोग? येत्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडतोय. तुमच्याही गावात मांडा.