धक्का आणि टेकू

'धक्का' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. बोट जेथे लागते तोही धक्का, आणि जो बसला असता मनुष्य कोलमडतो तोही धक्काच. भाऊच्या धक्क्यावरून ज्यांनी रेवसची किंवा मोऱ्याची लाँच कधी धरली असेल, त्यांस हे दोन्ही अर्थ एकाच पावलात कळले असतील. पायरी स्थिर, लाँच मात्र लाटेबरोबर वरखाली. मधल्या वीतभर फटीवरून पाय टाकताना आपण खलाशाचा हात धरतो तो उगीच नव्हे.

मालाचीही अवस्था माणसासारखीच आहे. गोदामाची जमीन आणि मालमोटारीचा तळ ही दोन सपाट अंगे एका रेषेत क्वचितच येतात. गोदामाचा ओटा साधारणपणे चार फूट उंच बांधतात. परंतु मालमोटारी काही एका साच्यातून निघत नाहीत. कोणाचा तळ ओट्याहून वीतभर वर, तर कोणाचा तितकाच खाली. इतकेच नव्हे, तर एकाच गाडीचा तळही माल उतरेपर्यंत एका उंचीवर राहत नाही. भरल्या गाडीचे पाटे दबलेले असतात. ओझे जसजसे कमी होते, तसतशी ती अंग वर काढू लागते. पूर्वी या फटीवर एक फळी टाकीत आणि पाठीवर पोते घेतलेला हमाल तिच्यावरून चाले. फळी लवे, हमालाचे गुडघेही लवत. दोन पातळ्यांतला फरक तो बिचारा आपल्या गुडघ्यांत जिरवीत असे. अशा कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, यावरून त्या गुडघ्यांची किंमत समाजास किती उशिरा कळली हे दिसते.

आता पोत्याच्या जागी लाकडी पॅलेट आले आणि हमालाच्या जागी फोर्कलिफ्ट आली. फोर्कलिफ्टला गुडघे नसतात. दोन टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनच तीन टनांच्या पुढे असते. ती फळीवरून चालावयाची म्हणजे फळीच्या अंगी निराळे गुण हवेत. हे गुण ज्या यंत्रात एकवटले आहेत त्यास 'डॉक लेव्हलर' म्हणतात. मराठीत त्यास अजून नाव पडलेले नाही, आणि गोदामातील मंडळींचे त्यावाचून अडलेलेही नाही. ते नुसते 'लेव्हलर' म्हणतात.

या यंत्राशी आमचा परिचय होण्याचे कारण आमचा एक जुना विद्यार्थी. चार वर्षे आम्ही त्यास इंग्रजी नाटके शिकविली. त्याने पुढे भिवंडीस लेव्हलर दुरुस्त करण्याचा व्यवसाय काढला. आमच्या शिकवणीचा याहून चांगला उपयोग झाल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. भिवंडी हे नाव घेतले की आमच्या पिढीस यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. परंतु मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांस आता गोदामांचेच एक गाव वसले आहे. मुंबईची जकात २०१७ च्या जुलैपर्यंत चालू होती. तिच्या हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या उंबऱ्यावर माल साठविणे व्यापाऱ्यांस सोयीचे होते. पुढे जकात गेली आणि वस्तू व सेवा कर आला, तेव्हा प्रांतोप्रांती लहान गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही. मोठी गोदामे आणखी मोठी झाली. विद्यार्थ्याच्या आग्रहावरून एका रविवारी आम्ही यांपैकी एक पाहावयास गेलो.

लेव्हलर म्हणजे ओट्याच्या काठाशी केलेल्या खड्ड्यात बसविलेला पोलादी तक्ता. मागच्या कडेस तो बिजागरीने जखडलेला असतो. पुढच्या कडेस दुसऱ्या बिजागरीवर एक पट्टी लोंबत असते, तिला 'लिप' म्हणतात. बटण दाबून धरले की खड्ड्यातला पंप तेल रेटतो, तक्ता सावकाश डोके वर काढतो, आणि पुरता वर आला की लिप जिभेसारखी बाहेर येते. बटण सोडावे, म्हणजे तक्ता खाली उतरतो आणि लिप गाडीच्या तळावर टेकते. मग गाडी वर येवो की खाली जावो, तक्ता तिच्याबरोबर हलतो. अडीच मीटर लांबीच्या तक्त्याने एक फुटाचा फरक साधला, तर आठ फुटांस एक फूट एवढाच चढ होतो; फोर्कलिफ्ट तो सहज चढते. हे सर्व इतक्या शांतपणे घडते की पाहणाऱ्यास त्यात यंत्र आहे असे वाटूच नये. आणि हेच त्याचे दुर्दैव! जे दिसत नाही त्याची निगा कोणी राखीत नाही.

कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची चाल आहे. कौले फुटली आहेत की नाहीत याची वाट न पाहता, दरसाल सर्व उतरवून, झाडून पुन्हा बसवावयाची. बैलगाडीच्या आसास वंगण घालावयाचे तेही आस कुरकुरण्याआधी. आमच्या आजोबांच्या पिढीस हे शहाणपण कोणी शिकविले नव्हते. लेव्हलरच्या खड्ड्यात आम्ही वाकून पाहिले तेव्हा पॅलेटच्या ढलप्या, प्लॅस्टिकचे कागद, खोक्यांच्या पट्ट्या आणि तेलात कालवलेली धूळ यांचा वीतभर थर दिसला. या ढलप्या तक्त्याखाली अडकतात, धूळ लिपच्या बिजागरीत शिरते. पावसाचे पाणी तेलात गेले म्हणजे तेल दुधासारखे पांढरट होते आणि पंप झिजू लागतो. औषध काय? केरसुणी, वंगण, आणि लेव्हलर थोडा वेळ बंद ठेवण्याची तयारी. पहिल्या दोन वस्तू स्वस्त आहेत. तिसरी मात्र मिळत नाही.

बंद ठेवणे का अगत्याचे, हे तक्त्याखाली जाणाऱ्यास विचारावे. तक्ता अर्ध्या टनाहून जड. तेलाची नळी फुटली तर तो एकदम कोसळू नये म्हणून एक झडप असते. तेल वाजवीपेक्षा जोरात वाहू लागले की ती मिटते. परंतु ती फक्त वेग ओळखते. कोणी सहज बटण चाळवले आणि तक्ता आपल्या नेहमीच्या मंद चालीने खाली येऊ लागला, तर झडपेच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित असते. खाली मनुष्य आहे हे तिला कसे कळावे? म्हणून तक्ता वर घेतल्यावर त्यास लोखंडी टेकू द्यावयाचा, तक्त्याचे ओझे त्या टेकूवर उतरवावयाचे, मुख्य खटका बंद करून त्यास कुलूप घालावयाचे, आणि जो खाली जाणार त्यानेच किल्ली खिशात ठेवावयाची. अमेरिकेत अशा कुलपाविषयीचा नियम १९८९ साली झाला. आमच्या विद्यार्थ्याकडील मेस्त्रींना तो नियम ठाऊक नव्हता. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे मात्र नव्हती. दुसऱ्या एका गोदामात, पूर्वीच्या मालकाकडे असताना ती गेली. बटण दाबणारा मनुष्य चांगला होता, त्यास कोणी सांगितले नव्हते, एवढेच त्याविषयी ते बोलले.

त्या दिवशी तक्रार किरकोळ होती. लिप पुरती बाहेर येत नव्हती. मेस्त्रींनी टेकू दिला, कुलूप लावले आणि आम्हांस म्हणाले, "सर, तुम्ही जरा मागं उभे राहा." आधी त्यांनी खड्डा झाडून घेतला, मग बिजागरी साफ करून तेल घातले. आम्हांस वाटले, काम झाले. तोच खालून त्यांनी विजेरी मागितली. मागच्या बिजागरीच्या सांध्यास बोटभर तडा गेला होता. केर काढला नसता तर तो दिसलाही नसता.

गोदामाचे व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. तीन मालमोटारी बाहेर खोळंबल्या होत्या आणि त्यांचे वरिष्ठ दूरध्वनीवरून त्यांस पुनःपुन्हा विचारीत होते. ते म्हणाले, "आज हलका माल आहे, मेस्त्री. आजचा दिवस चालवू या, सांधा उद्या जोडा."

मेस्त्री खड्ड्यातून वर आले आणि हात पुसत म्हणाले, "साहेब, माल हलका असंल, पण फोर्कलिफ्ट तेवढीच जड. वर बसणाऱ्या पोराला तडा दिसत नाही."

व्यवस्थापकांनी मग आमच्या विद्यार्थ्याकडे पाहिले. त्याचा वार्षिक करार पुढल्याच महिन्यात संपत होता, आणि ही गोष्ट तेथे उभे असलेल्या तिघांनाही ठाऊक होती. वर्गात धर्मसंकटावर आम्ही अनेक तास बोललो आहोत. परंतु येथे आमचे बोलणे कोणाच्याही उपयोगाचे नव्हते, म्हणून आम्ही गप्प राहिलो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मेस्त्री म्हणतात तसंच करू. गाड्या दुसऱ्या डॉकवर लावा." किल्ली मेस्त्रींच्या खिशातच राहिली.

सांधा जोडणे हे सोपे काम नव्हे. तेलकट खड्ड्यात ठिणगी पडली तर आग लागावयाची. म्हणून सांडलेले तेल पुसून काढणे, नळ्या ओल्या गोणपाटाने झाकणे, आग विझविण्याचे नळकांडे जवळ ठेवणे, यातच तासाभरावर वेळ गेला. प्रत्यक्ष जोडकाम अर्ध्या तासाचे. तीन मालमोटारींपैकी एकीचा चालक आमच्याशी गप्पा मारावयास आला. तो लातूरकडचा होता, आणि रात्री घरी पोहोचण्याची त्याची आशा आता मावळली होती. त्याने मेस्त्रींस शिवी दिली, ती आम्ही ऐकली. आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही दिली असती. सायंकाळी साडेपाचास मेस्त्रींनी स्वतः कुलूप काढले, टेकू काढून भिंतीशी ठेवला, आणि रिकामी फोर्कलिफ्ट तक्त्यावरून चार वेळा फिरवून पाहिली.

करार पुढल्या महिन्यात दुसऱ्या एका कमी दराच्या ठेकेदारास मिळाला. विद्यार्थ्याने हे आम्हांस दूरध्वनीवर सांगितले. त्याच्या बोलण्यात कडवटपणा फारसा नव्हता, कारण तोवर त्यास कल्याणच्या बाजूला दुसरे काम लागले होते. जुन्या गोदामातील सामान आणावयास मेस्त्री गेले, तेव्हा कुलपे त्यांनी परत आणली, कारण ती त्यांची होती. टेकू गोदामाचा होता. तो त्यांनी तेथेच ठेविला आणि नव्या ठेकेदाराच्या पोरास तो कोठे आहे हे दाखवून आले.